सात आवर्तनांचा केक

जन्मात घड्याळ न वापरता कुठेही उशिरा न पोहोचलेला माणूस अख्ख्या माळव्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्या आतोबांचा घड्याळावर विश्वास नव्हता. चावी द्यायला विसरले की जे बंद पडते त्याच्या भरवशावर माणसाने जेवायला बसू नये, असे त्यांचे मत होते. त्यांचा भरवसा एका स्तोत्रावर होता. मध्यम लांबीचे, देवीचे स्तोत्र. मुंज झाल्यापासून तोंडपाठ. ते एकदा म्हणायला जेवढा वेळ लागतो ते त्यांचे एक आवर्तन, आणि जगातला सगळा वेळ ते आवर्तनांत मोजत. घरापासून देवासच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत तीन आवर्तने. आंघोळीचे पाणी तापायला पाच. आत्या शेजारणीशी बोलायला उभी राहिली की अकरा. इंदूरचा टांगा सुटायच्या क्षणी ते नेमके हजर होत आणि टांगेवाला त्यांना पाहूनच घोड्याला इशारा करी. कचेरीत एकदा नव्याने आलेल्या साहेबांनी कागद कधी तयार होतील म्हणून विचारले, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले की एकवीस आवर्तनांत होतील. साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि तब्येतीला जपा म्हणून चार दिवसांची रजा दिली. आतोबांनी रजा घेतली, पण कागद एकविसाव्या आवर्तनाला टेबलावर ठेवूनच.

देवासला तेव्हा दोन राज्ये होती हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटायचे नाही. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि काही ठिकाणी रस्त्याची ही कड एका राजाची तर ती कड दुसऱ्याची. आतोबा थोरल्या पातीचे नोकर. ज्याचे मीठ खातो त्याच्या जमिनीवर उभे राहून त्याची निंदा करायची नाही, हा त्यांचा नेम होता. पण निंदा करायची हौस तर दांडगी. मग ते बोलता बोलता समोरच्याचा हात धरत, रस्ता ओलांडून धाकट्या पातीत जात, तिथे गटारांच्या व्यवस्थेबद्दल थोरल्या दरबाराचा पोटभर उद्धार करत, आणि परत येऊन अर्धे राहिलेले वाक्य गोड आवाजात पुरे करत. एकदा भर श्रावणात त्यांनी मला असे चार वेळा रस्ता ओलांडायला लावला. मी चिखलाने माखलो, पण त्यांचे इमान कोरडे राहिले.

तिसरे वेड खाण्याचे. स्वतः खाण्याचे नव्हे, करून दुसऱ्याला खाऊ घालण्याचे. त्यांच्याकडे मोडीत लिहिलेली एक वही होती, तीत जिथे जे चांगले चाखले ते टिपून ठेवलेले असे, आणि प्रत्येक पदार्थाखाली तो कोणाकडून कळला त्याचे नाव. तिरल्याच्या एका पाटलाच्या आईचे मक्याचे वडे, बागलीच्या ठाकुरांकडल्या आचाऱ्याची कढी, असे त्यात सगळे होते. घरचे बाफले, म्हणजे कणकेचे जाड गोळे, ते स्वतः सोवळ्याने भाजत. अंगणात गोवऱ्यांचे निखारे पसरून त्यांच्याशेजारी हे उकिडवे बसलेले, ओठ हलताहेत, आणि आवर्तन संपले की चिमटा हातात. दूध घालायला येणारा माळवी गवळी त्यांना विचारी, “काकासाब, देवी के भजी रिया हो के बाफला सेकी रिया हो?” आतोबा मानेनेच सांगत की दोन्ही.

आता मडमबाईंबद्दल सांगायला हवे. मी धारला नोकरीला लागलो त्या वर्षी आत्या बाळंतपणात जायची वाचली. मूल गेले, ती राहिली, आणि ती राहिली ती या बाईंमुळे. स्वीडन नावाच्या देशाची ही परिचारिका गावातल्या दवाखान्यात सुइणींना शिकवायला आलेली होती. सहा फूट उंच, केस गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचे, आणि हिंदी अशी की क्रियापदाची वाट पाहावी लागे. एकवीस दिवस ती सकाळ-संध्याकाळ येऊन आत्याच्या उशाशी बसली. आतोबांनी देऊ केलेले लुगडे घेतले नाही, चांदीची वाटी घेतली नाही, काहीच घेतले नाही. आत्याला जरा बसवू लागले तेव्हा दोघी वेळ घालवायला खाण्यापिण्याचे बोलत, आणि पडद्याआड आतोबा वही घेऊन बसत. तिथेच त्यांना कळले की बाईंची आई एक काळा केक करते. लोणी, साखर, थोडे पीठ, आणि कोको नावाची एक पूड. फुगवायचा नाही. कडेने धरायचा, मधे मऊ लुसलुशीत ठेवायचा, हलवला की मधे थरथरला पाहिजे, चमच्याने खायचा. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला म्हणे. आतोबांनी वहीत लिहिले: ‘मडमबाईंच्या मातोश्रींचा केक.’

त्यात चार अंडी होती. आतोबांनी डोळे मिटून ऐकले, डोळे उघडून अंड्यांच्या जागी घट्ट साय आणि दोन चमचे दही लिहिले, आणि तो विषय संपवला. कोकोचा डबा महूच्या छावणीतून मागवला. आत्या म्हणाली, डब्यावर गोऱ्या बाईचे चित्र आहे, हे सोवळ्यात कसे चालणार. आतोबांनी पूड हुंगली, हे एक बी आहे आणि कॉफीच्या नात्यातले आहे असा निर्वाळा दिला, पूड तांब्याच्या डब्यात ओतली आणि चित्र घराबाहेर ठेवले. पितळी पातेल्यात मिश्रण ओतायचे, खाली निखारे, झाकणावर निखारे. पहिल्या खेपेला नऊ आवर्तने ठेवले, ते करपले. मग एकेक कमी करत सातावर गाडी थांबली. सात आवर्तनांना तो केक मधे असा थरथरे की आतोबा नुसते पातेले हलवत बसत. हे सारे मला आत्याने पत्राने कळवले होते. मी तेव्हा धारला होतो. तिच्या पत्रातला हा मजकूर मी मित्रांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

कारण मला आतोबांची लाज वाटे. हे आता स्पष्ट लिहून टाकतो. मी बावीस वर्षांचा, धारच्या दरबारी कचेरीत इंग्रजी पत्रे लिहिण्याच्या कामावर नुकताच चिकटलेलो. खिशात साखळीचे घड्याळ. महूला एका मित्राच्या घरी दोनदा केक खाल्लेला, त्यामुळे केक या विषयातला आपण अधिकारी आहोत असे मला वाटे. तो केक भुसभुशीत आणि कोरडा होता, आणि मित्राच्या वडिलांनी सांगितले होते की काडी खुपसून पाहावी, ती स्वच्छ बाहेर आली म्हणजे केक झाला. एवढ्या ज्ञानावर मी त्या वर्षी चार दिवसांची रजा काढून देवासला गेलो.

मी पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी बाईंना घरचे पत्र आले होते. त्यांची आई वारली होती. पत्र बोटीने, आगगाडीने, टांग्याने जवळजवळ महिन्याने पोहोचले. आतोबांनी दवाखान्याच्या ओसरीवर बसून तारखेचा हिशेब केला आणि घरी येऊन सांगितले की परवा तिचे मासिक श्राद्ध येते. आत्या म्हणाली, त्यांच्यात असले काही नसते. आतोबा म्हणाले, “त्यांच्यात नसेल. पण गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्या दिवशी कोणाच्या तरी पोटात जायला हवं. इथं तिचं कोण आहे? आपण आहोत.” बाईंनी आजवर काही घेतले नव्हते. हे एवढे त्या घेतील, आईच्या हातचा घास त्यांना इथे देवासात मिळेल, या एका विचाराने त्या माणसाला दोन रात्री झोप लागली नाही.

मासिकाच्या दिवशी दुपारी आतोबांनी आंघोळ केली, सोवळे नेसले, आणि मागच्या ओट्यावर निखाऱ्यांजवळ बसले. मी चार हातांवर इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. त्यांचा आवाज मी त्याआधी शेकडो वेळा ऐकला होता, पण कधी मन लावून ऐकला नव्हता. नवरात्रात टेकडीवर नऊ दिवस मुख्य आसनावर ते बसत. बाकीचे ब्राह्मण पोथ्या उघडून म्हणत आणि अडले की ह्यांच्या तोंडाकडे पाहत. ह्यांच्यापुढे पोथी कधीच नसे. त्या दुपारी त्यांनी सात आवर्तने म्हटली. मी मोजली नव्हती असे म्हणायची सोय नाही. तिसऱ्यानंतर मला कंटाळा आला होता आणि कधी संपते म्हणून मी एकेक मोजत होतो. सातवे संपताच त्यांनी पातेले उतरवले, झाकण न काढता ओट्यावर ठेवले, कपडे बदलले आणि बाईंना आणायला स्वतः टांगा घेऊन गेले. आत्या पुढच्या खोलीत पाटाभोवती रांगोळी घालत होती.

मी झाकण उचलले. कडा धरलेल्या, आणि मधे सगळे थरथरणारे, चकचकीत. उदबत्तीची एक काडी घेऊन मी खुपसली, ती चिखलातून यावी तशी बाहेर आली. युरोपातली बाई आपल्या घरी पहिल्यांदा पाटावर बसणार आणि आपला हा सोवळ्यातला विद्वान तिला कच्चे पीठ वाढणार. बाई उद्या दवाखान्यात हसेल, गाव हसेल, धारला मित्र हसतील. मला आतोबांची दया आली असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत असे. दया नव्हती, लाजच होती. मी राखेतले निखारे फुंकले, पातेले परत ठेवले, झाकणावर भरपूर निखारे रचले आणि खिशातले घड्याळ काढून समोर धरले. पुरी वीस मिनिटे. मग काडी खुपसली. स्वच्छ बाहेर आली. मी पातेले जागच्या जागी ठेवले, काडी चुलीत टाकली, हाताची राख धुतली आणि वर्तमानपत्र उघडले. सोवळ्यातले पातेले पारोशाने शिवले याची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली. पापे एकमेकांना धरून येतात ती अशी.

बाई आल्या, लांब पाय एका बाजूला घेऊन पाटावर बसल्या. आतोबांनी त्यांना काही सांगितले नव्हते. पातेले समोर आले, झाकण निघाले, आणि वासाबरोबर त्या बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. एवढा एक क्षण सगळे जसे व्हायचे तसे झाले. आतोबांनी चमचा पुढे केला. चमचा केकवर पडला आणि वाजला. त्यांनी पातेले हलवले. काही थरथरले नाही. सुरी आणली, ती शिरेना. शेवटी आत्याने विळी आणली आणि विळीवर तो केक खोबऱ्यासारखा कापला गेला. बाईंनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला, मग दुधात बुडवला.

“बहुत अच्छा,” त्या म्हणाल्या. मग खोटे बोलायची सवय नसल्यामुळे थोड्या वेळाने म्हणाल्या, “मेरी माँ का… नरम होता था.” डोळ्यांत आलेले पाणी त्यांनी तसेच मागे नेले. तुकडा त्यांनी पूर्ण संपवला. दुसरा घेतला नाही.

त्यांना पोचवून आतोबा परत आले ते सरळ मागच्या ओट्यावर येऊन बसले. आत्या म्हणाली की आधीच्या खेपांना तर चांगला मऊ झाला होता, आजच काय झाले. आतोबा विझलेल्या निखाऱ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर करून मला विचारले, “तू इथंच होतास. माझी किती आवर्तनं झाली रे? ऐकलीस का?”

त्या वेळी खरे बोलायला मला फार तर अर्धे आवर्तन लागले असते. ते रागावले असते, आत्या बोलली असती, संध्याकाळी दुसरा केक झाला असता. बाई दवाखान्यातच होत्या, कुठे पळून जात नव्हत्या. डब्यात कोको उरला होता.

“आठ,” मी म्हणालो.

“आठ,” ते म्हणाले. “आठच असणार. मला सात वाटली.” आणि त्यांनी स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवले, जणू तिथे काही तुटले आहे का ते पाहत होते.

मी दुसऱ्या दिवशी धारला निघून आलो. पुढच्या गोष्टी आत्याच्या पत्रांतून कळत गेल्या आणि ती पत्रे मी आता कोणाला मोठ्याने वाचून दाखवत नसे. आतोबांनी केक पुन्हा केला नाही. थोड्याच दिवसांत बाईंची कुठे दक्षिणेकडे बदली झाली. आतोबांनी सात सुपाऱ्या घेतल्या आणि एकेक आवर्तन झाले की एकेक सुपारी डावीकडून उजवीकडे सारू लागले. मग सुपारी सारली की नाही याचीच शंका येऊ लागली. इंदूरचा टांगा त्यांना न घेता एकदा निघून गेला. नवरात्रात त्यांनी पोथी उघडली, आणि टेकडीवरचे ब्राह्मण चूक कोणाकडे पाहून सुधारायची या विचारात पडले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून आसन सोडले. जिभेचा भरवसा राहिला नाही, देवीपुढे तरी खोटे मोजमाप नको, असे त्यांनी सांगितले. आत्याने लिहिले होते, ‘स्वारी हल्ली फार बोलत नाही. रस्तासुद्धा ओलांडत नाही.’ ते वाक्य वाचून मी कचेरीत हिशेबाच्या कागदावर डोके ठेवून बसलो, आणि साहेबाने मला ताप आलाय का म्हणून विचारले.

आठ वर्षे गेली. माझ्या मुलाच्या मुंजीला दोघे धारला आली. आतोबा वाळले होते, पण पंगतीत मला शेजारी बसवून घेत, सगळ्यांना माझे कौतुक सांगत. मला ते सहन होईना. मुंज आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना परसात नेले, आत्यालाही बोलावले, आणि सगळे सांगून टाकले. काडी, निखारे, घड्याळ, वीस मिनिटे, सात. सांगताना माझा आवाज मुंजीच्या मुलासारखा झाला. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

आतोबांनी मला उठवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि चेहऱ्यावर हसू. “वेडा आहेस,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढी गोष्ट रचलीस? तू आणि चोरून पातेलं शिवणार? इंग्रजी शिकलास तरी मन लहानपणीचंच राहिलं हो तुझं.”

मी शपथ घेतली. ते आणखी गहिवरले. मी उदबत्तीची काडी पुन्हा सांगितली, तेव्हा त्यांनी आत्याला म्हटले, बघ, बारीकसारीक तपशीलसुद्धा कसा लावलाय. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या शेजाऱ्यांना, माझ्या सासऱ्यांना आणि दूधवाल्याला सांगितले की आमचा हा मुलगा दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतो. आत्या मात्र माझ्याकडे एकदाच पाहून आत गेली आणि त्यानंतर तिने मला तिच्या हाताने वाढले नाही.

दुसऱ्या दिवशी मी महूला माणूस पाठवून कोकोचा डबा आणवला. सोवळे नेसलो, अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि आतोबांना म्हणालो की आज केक करायचाच. ते नको नको म्हणत बसले, मग माझ्याकडे पाहून पोथी घेऊन आले. सात सुपाऱ्या ओळीत मांडल्या. म्हणायला लागले, आणि मी त्यांचे बोट पाहत राहिलो. बोट पोथीतल्या ओळीवरून सरकत होते, पण आवाज बोटाच्या पुढे दोन दोन ओळी जात होता. कुठे अडखळ नाही, काना-मात्रेची चूक नाही. पोथीची त्यांना कधीच गरज नव्हती. प्रत्येक आवर्तनानंतर ते थांबत, सुपारी सारत, आणि माझ्याकडे पाहत. मी आकडा सांगे. मी सांगितल्याशिवाय ते पुढचे सुरू करत नसत.

“सात,” मी शेवटी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पातेले उतरवले, निवू दिले, झाकण काढून हलवले. मधे सगळे थरथरले. आतोबा किती तरी वेळ नुसते पातेले हलवत राहिले. मग चमच्याने एक घास तोंडात घालून त्यांनी डोळे मिटले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तुझी मोजणी पक्की,” ते म्हणाले. “त्या दिवशी आधीच तुला मोजायला बसवलं असतं, तर त्या बाईला तिच्या आईचा घास मिळाला असता.”

मी हो म्हणालो. त्यांनी चमचा भरून माझ्यापुढे धरला, आणि तो मी खाल्ला.